पर्शियन गालिचा हाताने कसा विणतात, आणि गाठींच्या आकड्यावर किती विसंबावं

मस्कतला नोकरी करणाऱ्या एका वाचकांचा प्रश्न आहे. तिथल्या दुकानात त्यांनी एकाच मापाचे, दिसायलाही जवळपास सारखे दोन इराणी गालिचे पाहिले. एकाची किंमत दुसऱ्याच्या कितीतरी पट होती. दुकानदाराने गालिचा उलटा केला, भिंग लावून गाठी मोजून दाखवल्या आणि "गाठी जास्त म्हणून भाव जास्त" असं सांगितलं. त्यांना दोन गोष्टी हव्या आहेत: हा गालिचा हाताने नेमका बनतो कसा, आणि किंमत खरंच गाठींवर ठरते का?

मी पुण्यात जुन्या गालिच्यांची दुरुस्ती करतो. कुठे लव झिजून ताणा (उभे धागे) उघडा पडलेला, कुठे उंदराने कोपरा खाल्लेला, कुठे एक रंग शेजारच्या रंगात उतरलेला, अशा अवस्थेत गालिचा माझ्याकडे येतो. तो का बिघडला हे शोधताना तो बनला कसा हे समजून घ्यावंच लागतं. त्या अनुभवावरून सांगतो की गाठींची संख्या महत्त्वाची आहे, पण तिचा नंबर बराच खाली लागतो. आधी लोकर, मग रंग, मग ताण्याचा ताण, मग बाणा (आडवा धागा) कसा ठोकला आहे ते, आणि त्यानंतर गाठी. गाठींचा आकडा दुकानात सांगायला सोपा पडतो, म्हणून तो सगळ्यांच्या तोंडी बसला आहे.

लोकरीपासूनच सुरुवात करतो, कारण इथेच अर्धं काम होतं. आपल्याकडे लोकर म्हटली की धनगरांची घोंगडी आठवते. ती दख्खनी मेंढीची लोकर जाड, राठ आणि पावसाला पुरून उरणारी असते. गालिच्याला वेगळीच लोकर लागते. तिचा तंतू लांब हवा, त्यात तेलकट चमक हवी आणि दाबला की परत उभा राहण्याची ताकद हवी. डोंगराळ, थंड भागातल्या मेंढ्यांची लोकर म्हणून मानाची. वायव्य इराणमधल्या तबरीज शहराच्या पूर्वेला सबलान पर्वत आहे. त्या परिसरातल्या हेरीझच्या गालिच्यांची नक्षी ठोकळेबाज आणि गाठी मोजक्याच असतात. तरीही लोकरीच्या दमावर ते तीन-तीन पिढ्या पायाखाली टिकतात. कोकराच्या मानेजवळची आणि पोटाकडची मऊ लोकर वेगळी काढतात. तिला कुर्क म्हणतात, आणि ती इस्फहान, काशान, नाईन अशा ठिकाणच्या तलम गालिच्यांत जाते. याच्या दुसऱ्या टोकाला मेलेल्या जनावराच्या कातड्यावरून चुना लावून सोडवलेली लोकर असते. चुन्याने तंतू कोरडा आणि ठिसूळ होतो, आणि त्यावर रंगही नीट चढत नाही. नव्या गालिच्यात हे डोळ्यांना दिसत नाही. चार-पाच वर्षांनी झाडूबरोबर भुगा यायला लागतो तेव्हा कळतं.

लोकर कातरली की ती धुतात, विंचरतात आणि कातून तिचा धागा करतात. हाताने कातलेल्या धाग्याची जाडी थोडी कमी-जास्त होते. पिळाचंही तसंच. रंग शोषताना असा धागा कुठे जास्त शोषतो, कुठे कमी. त्यामुळे एकाच लाल मैदानात, म्हणजे नक्षीमागच्या मोकळ्या भागात, आडव्या पट्ट्यांनी छटा किंचित बदलत गेलेली दिसते. इराणात याला अब्रश म्हणतात. लडींचा एक घाणा संपून दुसरा सुरू झाला की हा फरक आणखी ठळक होतो. गिऱ्हाईक याला दोष समजून भाव पाडायला बघतं. मला मात्र फिकट-गडद होत गेलेलं मैदान सपाट रंगापेक्षा कितीतरी जिवंत वाटतं, आणि दुरुस्ती करताना तशी छटा जुळवणं सगळ्यात अवघड जातं.

रंगाचं काम वेगळ्या कारागिराचं असतं, आणि रंगाऱ्याचा मान मोठा असतो. मुख्य रंग तसे मोजकेच. लाल येतो मंजिष्ठाच्या कुळातल्या एका झाडाच्या मुळांपासून. इराणात तिला रूनास म्हणतात. मुळी निदान तीन वर्षं जमिनीत वाढलेली हवी, नाहीतर रंग पातळ निघतो. लोकर आधी तुरटीच्या पाण्यात मुरवतात. तुरटी तंतूला धरते आणि रंग तुरटीला धरतो. तुरटी नसेल तर मंजिष्ठाचा लाल पहिल्याच धुलाईत निघून जाईल. मग मुळ्यांची पूड घातलेलं पाणी हळूहळू तापवायचं. ते खळखळून उकळू दिलं की मुळीतले तपकिरी अंश उतरतात आणि लालाची विटकरी होते. म्हणून रंगारी आच कमी ठेवतो आणि लडी सतत वर-खाली करत राहतो. पाणी जड की हलकं, लोकर किती वेळ ठेवली, त्याच पाण्यातून दुसऱ्यांदा रंगवली का, यावर शेंदरीपासून गडद मरून रंगापर्यंत सगळं एका मुळीतून निघतं. अराकच्या बाजूला आंबट ताकात मंजिष्ठा मुरवून एक सुंदर गुलाबी काढायचे. तसा गुलाबी आज कुठल्याही डब्यात मिळत नाही.

निळा नीळीचा. तिची रीत अगदीच निराळी आहे, कारण नीळ पाण्यात विरघळतच नाही. क्षारयुक्त पाण्यात ती आंबवावी लागते, म्हणजे तिच्यातला प्राणवायू निघून जाऊन ती विरघळण्याजोगी होते. हौदातून लडी बाहेर काढली की ती पिवळट हिरवी दिसते. हवा लागली की बघता बघता, समोरच, ती निळी होत जाते. गडद निळा हवा असेल तर पुन्हा बुडवा, पुन्हा हवा द्या, असं करत राहायचं. ही नीळ शतकानुशतकं हिंदुस्थानातून तिकडे जात होती.

पिवळ्यासाठी इस्परक नावाची रोपटी, द्राक्षवेलीची पानं, डाळिंबाची साल. तपकिरीसाठी अक्रोडाच्या फळाची हिरवी साल. हिरव्या रंगासाठी एकच अशी चांगली वनस्पती नाही, म्हणून लोकर आधी नीळीत आणि मग पिवळ्यात रंगवतात. पिवळा प्रकाशात लवकर उडतो. जुन्या गालिच्यात पानं निळसर दिसतात त्याचं कारण हेच. ती मुळात हिरवी होती. काळा रंग सगळ्यात घातक. त्यात लोखंडाचा अंश असतो, आणि लोखंड हळूहळू लोकर खातं. शंभर वर्षांच्या गालिच्यावरून बोट फिरवलं तर फुलांच्या काळ्या रेषांच्या जागी खळगे लागतात, कारण तिथली लव झडून गेलेली असते. माझ्या टेबलावर येणाऱ्या जुन्या गालिच्यांत भोकं बहुधा या काळ्या रेषांवरच पडलेली असतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातून अॅनिलीन, म्हणजे रसायनांपासून बनवलेले कृत्रिम रंग आले. स्वस्त, भडक आणि कच्चे. उन्हात उडायचे आणि पाण्यात पसरायचे. काजार राजवटीने त्यांच्या आयातीवर बंदीही घातली, पण ती नीट पाळली गेली नाही. विसाव्या शतकात क्रोमचे पक्के कृत्रिम रंग आले आणि आजचे बहुतेक शहरी गालिचे त्यांतच रंगवलेले असतात. "वनस्पतिजन्य रंग नाही म्हणजे गालिचा खोटा" असं कुणी म्हणालं तर मी ते मानत नाही. चांगल्या लोकरीवर नीट चढवलेला क्रोमचा रंग प्रामाणिक रंग आहे. मात्र विक्रेता "नैसर्गिक रंग" म्हणून जादा पैसे मागत असेल तर एक पांढरं ओलं फडकं गडद लाल भागावर घासून बघा. फडक्याला रंग लागला तर तो गालिचा घेऊ नका, मग रंग कुठलाही असो.

आता माग. भटक्या जमातींचा, म्हणजे कश्काई, बख्तियारी यांचा माग जमिनीवर आडवा असतो. चार खुंट्या ठोकायच्या, दोन दांडके बांधायचे, त्यावर ताणा चढवायचा. तळ हलला की अर्धवट विणलेला गालिचा दांडक्यासकट गुंडाळून जनावरावर लादायचा आणि नव्या ठिकाणी परत खुंट्या ठोकायच्या. खुंट्या दोन्हीकडे सारख्याच ताणात बसतील असं नाही. म्हणून भटक्यांचा गालिचा एका टोकाला रुंद, दुसऱ्याला थोडा अरुंद होतो. गावातला आणि शहरातला माग उभा असतो. वरचा आणि खालचा तूर (ताणा बांधायचं आडवं लाकूड), दोन भक्कम खांब, आणि ताण धरून ठेवायला पाचरी किंवा मोठे स्क्रू. विणकर फळीवर बसतात. काम वर सरकत जाईल तशी कुठे फळी वर घेतात, कुठे विणलेला भाग खाली ओढून मागे फिरवतात.

उभे धागे म्हणजे ताणा. तो शहरात सुती असतो, भटक्यांकडे लोकरीचा किंवा शेळीच्या केसांचा, आणि फार तलम कामात रेशमी. सगळ्या गालिच्याचं आयुष्य याच्या ताणावर अवलंबून आहे. बाज विणताना सुंभ एका बाजूला सैल राहिला तर ती बाज नेहमी एका अंगाला कलते. ताण्याचंही तेच होतं. मागावर असताना सगळं सरळ दिसतं. गालिचा कापून खाली उतरवला की ताण सुटतो, आणि मधोमध फुगा येतो किंवा कडा वळतात. हा दोष कुठल्याही इस्त्रीने किंवा धुलाईने पूर्णपणे जात नाही. म्हणून दुकानात गालिचा भिंतीवर टांगलेला असेल तर तो खाली पसरायला सांगा. जमिनीवर सपाट पडतो की नाही ते बघा.

नक्षीबद्दल थोडक्यात. शहरातल्या कारखान्यात नक्काश चौकटीच्या कागदावर चित्र काढतो, एक चौकट म्हणजे एक गाठ. मधोमध तुरंज, म्हणजे मोठं पदक, असलेली समतोल नक्षी असेल तर एक चतुर्थांशच काढतात, कारण बाकीचं तिचंच प्रतिबिंब असतं. कागदाच्या पट्ट्या कापून त्या विणकरासमोर लावतात. काही ठिकाणी एक जण नक्षी गात जातो, दोन लाल, एक निळा, तीन पांढरे, आणि बाकीचे तशा गाठी मारत जातात. भटक्यांच्या बायका मात्र कागदाशिवाय, डोक्यातून विणतात. डोंगर, बकरी, झाड, तंबू, त्या दिवशी जे दिसलं ते गालिच्यात येतं. तशी बाई एकच नक्षी दोनदा हुबेहूब विणू शकत नाही. गुळगुळीत शहरी गालिच्यापेक्षा मला हे काम जास्त आवडतं, हे स्पष्टच सांगतो. आपल्या पैठणीवर आणि शालींवर दिसणारी कोयरीही इराणी गालिच्यात जागोजागी भेटते. तिथे तिला बोते म्हणतात.

गाठ. सुरुवातीला काही इंच साधं विणकाम करतात, पट्टा घट्ट बसावा म्हणून. मग गाठींची पहिली ओळ. डाव्या हाताच्या बोटांनी ताण्याचे दोन शेजारचे धागे पुढे ओढायचे आणि रंगीत लोकरीचा धागा त्यांच्यावर फिरवायचा. इथे दोन पद्धती आहेत. एकीत लोकर दोन्ही धाग्यांना वेढा घालते आणि तिची दोन्ही टोकं त्या दोघांच्या मधून एकत्र बाहेर येतात. ही सममित किंवा तुर्की गाठ. दुसरीत लोकर एका धाग्याला पूर्ण वेढते आणि दुसऱ्याच्या फक्त मागून जाते, म्हणजे एक टोक दोघांच्या मधून आणि दुसरं बाजूने निघतं. ही असममित किंवा पर्शियन गाठ. पहिली जास्त पक्की बसते. दुसरीत वळणदार रेषा सहज काढता येते, म्हणून काशान, इस्फहान, केर्मानच्या फुलांच्या नक्षीत ती असते. पण 'पर्शियन गालिचा म्हणजे पर्शियन गाठ' असा नियम नाही. तबरीज, हेरीझ, कुर्दांचा सनंदज आणि बिजार, इथले विणकर तुर्की गाठच मारतात. तबरीजमध्ये तर टोकाला आकडा असलेली छोटी सुरी असते. आकड्याने लोकर ओढली, त्याच सुरीच्या पात्याने कापली, झालं. सराईत हाताला एका गाठीला दोन-तीन सेकंद पुरतात. तो वेग बघताना गाठ मारलेली दिसत नाही, फक्त कापलेल्या लोकरीची टोकं पडताना दिसतात.

ओळ पूर्ण झाली की बाणा, म्हणजे आडवा धागा. बऱ्याच ठिकाणी दोन घालतात. पहिला जाड आणि ताठ, दुसरा बारीक आणि सैल. सैल का? ताठ धागाच घालत गेलं तर दर ओळीला कडा थोड्या आत ओढल्या जातात आणि गालिचा वर जाता जाता अरुंद होतो. म्हणून दुसरा धागा नागमोडी ठेवतात. हमदानच्या बाजूला एकच बाणा घालतात. त्या गालिच्याची पाठ बारीक ठिपक्यांची दिसते, आणि अनुभवी माणूस नुसती पाठ बघून गाव सांगतो. जुन्या काशानमध्ये सुती बाणा निळा रंगवलेला असतो, तीही एक खूणच.

पहिला बाणा ताठ ओढला की ताण्याचे धागे दोन पातळ्यांत विभागले जातात, एक पुढे आणि एक मागे. मग प्रत्येक गाठीचा मागच्या बाजूला एकच ठिपका दिसतो, दुसरा आत लपतो. असा गालिचा जाड, भरीव आणि घडी घालायला कठीण होतो. ताणा एकाच पातळीत राहिला तर गाठीचे दोन्ही ठिपके मागे शेजारी-शेजारी दिसतात आणि गालिचा लवचिक राहतो. इथेच मोजणीची फसगत होते. दोन ठिपके म्हणजे दोन गाठी असं धरून कुणी मोजलं तर आकडा थेट दुप्पट होतो.

बाणा घातल्यावर लोखंडी फणीने तो ठोकायचा. ह्या ठोकण्याला माझ्या मते गाठींहून जास्त महत्त्व आहे. बिजारचे विणकर जाड बाणा घालून इतका जोराने ठोकतात की गालिचा जवळपास फळीसारखा टणक होतो. बिजार सहसा घडी घालूच नये, गुंडाळावा. माझ्याकडे आलेल्या बिजारांपैकी बहुतेक झिजून आलेले नव्हते, कुणीतरी घडी घालून माळ्यावर ठेवल्यामुळे घडीवर ताणा तुटून आले होते.

आता आकड्यांचा हिशेब, म्हणजे दुकानदाराच्या बोलण्याला काही संदर्भ राहील. तबरीजमध्ये रज हे माप चालतं. साधारण ७ सेंटीमीटरमध्ये किती गाठी, ते. ५० रज म्हणजे सेंटीमीटरला ७ गाठी, चौरस सेंटीमीटरला जवळपास ५०, चौरस मीटरला ५ लाख. २ बाय ३ मीटरच्या गालिच्यात ३० लाख गाठी झाल्या. चांगला विणकर दिवसाला ८,००० च्या आसपास गाठी मारतो. म्हणजे एकट्याने विणलं तर ३७५ दिवस, दोघांनी मिळून विणलं तरी सहा महिन्यांच्या वर. त्यात ताणा चढवणं, रंगवणं, कातरणं, धुणं धरलेलं नाही. नाईनच्या गालिच्यांत वेगळी भाषा आहे: ९ ला, ६ ला, ४ ला ('ला' म्हणजे पदर). ताण्याचा धागा किती पदरांचा, ते हे माप सांगतं. म्हणून तिथे आकडा जितका कमी, तितका गालिचा बारीक. ९ मोठा म्हणून ९ चांगला, असं समजून पैसे देणारे लोक मी पाहिले आहेत.

आणि एक लबाडी जुनीच आहे. दोनऐवजी चार ताण्यांवर एक गाठ मारायची. तिला जुफ्ती म्हणतात. वेळ निम्मा, लोकर निम्मी, आणि वरून नक्षी तीच. मैदानाच्या एकरंगी भागात ही लबाडी लपते, कारण तिथे रेषा बिघडल्याचं कळत नाही. पण लव विरळ राहते आणि पायाखालच्या जागी सगळ्यात आधी टक्कल पडतं. मागून बघताना नक्षीच्या भागातले ठिपके बारीक आणि मैदानात मात्र रुंद दिसले, तर संशय घ्या.

विणणं संपलं की गालिचा मागावरून कापतात. दोन्ही टोकांना जे दशा म्हणून लोंबतं, ते म्हणजे ताण्याचेच उरलेले धागे. मग मागची धूस जाळतात, पाण्याने भरपूर धुतात, लाकडी फावड्याने पाणी ओढून काढतात, उन्हात वाळवतात, ओढून ताणून आकार सरळ करतात. तेहरानजवळ रे इथे चश्मे अली नावाचा झरा आहे. तिथल्या खडकांवर धुऊन वाळत घातलेल्या गालिच्यांची जुनी छायाचित्रं प्रसिद्ध आहेत. शेवटी लव सारख्या उंचीवर कातरतात. कातरणारा चुकला तर वर्षभराचं काम एका दिवसात बिघडतं. बारीक नक्षीला लव आखूड हवी, नाहीतर रेषा धूसर होतात. जाड गाठींच्या गालिच्याला उंच लव शोभते. चमक आणायला किंवा मुद्दाम जुना दाखवायला काही जण क्लोरीनच्या पाण्याने धुतात. तो गालिचा दुकानात रेशमासारखा चकाकतो. पण लोकरीवरचं संरक्षण गेलेलं असतं आणि झीज पटापट होते.

हे सगळं किती जुनं? सायबेरियातल्या अल्ताय पर्वतात पाझिरिक इथे, बर्फाने भरलेल्या एका थडग्यात १९४९ साली रशियन पुरातत्त्वज्ञ सर्गेई रुदेन्को यांना एक गालिचा सापडला. तो सुमारे २,४०० वर्षांपूर्वीचा, साधारण २ बाय १.८ मीटरचा. तो कुठे विणला यावर अजून वाद आहेत, पण गाठी तुर्की आहेत आणि चौरस मीटरला साडेतीन लाखांच्या घरात आहेत. म्हणजे तेव्हाही ही कला बाल्यावस्थेत नव्हती.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अर्दबीलचा गालिचा आहे. सफवी काळातला, त्यावर हिजरी ९४६, म्हणजे १५३९-४० हे साल आणि मकसूद काशानी हे नाव विणलेलं आहे. वर हाफिजच्या गझलेच्या ओळी आहेत. तो साडेदहा मीटर लांब आणि पाच मीटरहून अधिक रुंद, रेशमी ताणा-बाणा, दहा रंगांची लोकर, अडीच कोटींहून जास्त गाठी. रंग उडू नयेत म्हणून तिथे दर अर्ध्या तासाला फक्त दहा मिनिटं दिवे लावतात. माझ्या धंद्याच्या दृष्टीने त्याची गोष्ट दुखरी आहे. हे गालिचे जोडीचे होते आणि दोन्ही झिजलेले होते. एकोणिसाव्या शतकात व्यापाऱ्यांनी एकाचे तुकडे वापरून दुसरा पुरा केला. पुरा केलेला गालिचा संग्रहालयाने १८९३ साली विकत घेतला. ज्याचा बळी दिला, तो काठांशिवायचा दुसरा आज लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात आहे. आज कुठलाही जबाबदार दुरुस्तीवाला असं करणार नाही. आता आम्ही नवी लोकर घालतो, शक्यतो हाताने कातलेली, आणि काय केलं ते लिहून ठेवतो, म्हणजे मागून येणाऱ्याला मूळ किती आणि दुरुस्ती किती हे कळावं.

विणणाऱ्यांबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाणं मला योग्य वाटत नाही. २०१० साली युनेस्कोने फार्स प्रांतातली आणि काशानची गालिचा विणण्याची परंपरा मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. फार्समध्ये पुरुष लोकर कातरतात आणि माग उभारतात. सूत, रंगांची निवड, नक्षी आणि विणणं बायकांकडे. काशानमध्येही विणकरांत बायकाच जास्त. मुली आईच्या आणि आजीच्या शेजारी बसून शिकतात. पण मागावर नफा झाला तो बहुतेक वेळा व्यापाऱ्याला आणि मधल्या दलालांना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केर्मानच्या दमट, अंधाऱ्या कारखान्यांत लहान मुलं तासन्‌तास बसून विणायची आणि त्यांची हाडं वाकडी व्हायची. "बारीक गाठीला लहान बोटंच लागतात" हे वाक्य मी अजूनही दुकानांत ऐकतो. ते साफ खोटं आहे. जगातलं सगळ्यात बारीक काम वर्षानुवर्षं हात बसलेल्या मोठ्या माणसांनी केलेलं आहे. आपल्याकडे भदोही-मिर्झापूरच्या पट्ट्यातही मुलं मागावर होती. त्याविरुद्ध १९९४ साली रगमार्क ही खूणपट्टी सुरू झाली, आज ती गुडवीव्ह नावाने चालते. भारतीय गालिचा घेणार असाल तर ती आहे का ते विचारा.

इराणी बाजारावर दुसरा मोठा आघात निर्बंधांचा झाला. अमेरिकेने इराणी गालिच्यांची आयात १९८७ मध्ये बंद केली, २००० मध्ये उघडली, २०१० मध्ये परत बंद केली, २०१६ मध्ये उघडली आणि २०१८ मध्ये पुन्हा बंद. इतकं मोठं गिऱ्हाईक असं येत-जात राहिलं, तर मुली मागावर का बसतील? आखातातल्या दुकानांत आज चांगले इराणी गालिचे तुलनेने स्वस्त दिसतात, त्यामागे हेही कारण आहे. भाव पाडताना हे लक्षात असू द्या.

एक दंतकथाही इथेच निकालात काढतो. "परिपूर्णता फक्त ईश्वराची, म्हणून विणकर मुद्दाम एक चूक करतो" असं विक्रेते सांगतात. ३० लाख गाठींच्या कामात चूक मुद्दाम करायची गरजच पडत नाही. मी उलगडलेल्या प्रत्येक गालिच्यात चुका होत्या. कुठे पाकळीचा रंग बदललेला, कुठे कोपऱ्यात काठ जुळवताना ओढाताण झालेली. त्यातली एकही मला हेतुपुरस्सर वाटली नाही. विणकर थकली, लोकर संपली किंवा उजेड कमी पडला, एवढंच.

आता मस्कतच्या दुकानात काय करायचं ते. गालिचा उलटा करा. नक्षी मागेही पुढच्याइतकीच स्पष्ट दिसायला हवी, आणि ठिपके थोडे असमान. अगदी यंत्रासारखे एकसारखे ठिपके आणि कडेला चकचकीत ओव्हरलॉकची शिलाई असेल तर तो यंत्रमागावरचा. मागे कापड चिकटवलेलं असेल तर तो टफ्टेड. त्यात गाठच नसते, लोकर बंदुकीसारख्या यंत्राने कापडात टोचून मागे रबर लावलेलं असतं. मग दशा ओढून बघा. ती गालिच्याच्या आतून येते की वरून शिवलेली आहे? लव दोन्ही बाजूंना दुमडून मुळाशी बघा, तिथे गाठीचा वेढा दिसला पाहिजे. लोकर मुठीत घट्ट दाबून सोडा. ती परत उभी राहायला हवी आणि हाताला किंचित तेलकट लागायला हवी. कोरडी आणि खरखरीत लागली तर सावध व्हा. कोपरा दुमडून कानाजवळ धरा. करकर आवाज आला तर सुती ताणा ओल खाऊन कुजलेला आहे, आणि तो कुणीही पूर्ववत करू शकत नाही. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात गालिचे असेच मरतात, म्हणून मायदेशी परतताना तो सोबत आणणार असाल तर जूनपूर्वी गुंडाळून, सुती चादरीत बांधून, जमिनीपासून उचलून ठेवा. प्लॅस्टिकमध्ये मुळीच नको.

दोन्ही गालिचे या कसोट्यांवर सारखेच उतरले, मगच गाठी मोजा. मोजताना आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांनी मोजा, मैदानात एकदा आणि काठात एकदा. दुकानदार फक्त काठातलेच ठिपके दाखवत असेल, तर मैदानातले मोजून दाखवायला सांगा.